जाळीवरची लाल साय

जळालेलं कॉइल दुकानात येतं ते बहुतेक वेळा दुधाच्या रिकाम्या पिशवीत. पिशवीला कुठेतरी भोक असतंच. त्यातून काळं तेल ठिबकत असतं. आणणारा मेकॅनिक ती पिशवी सरळ टेबलावर ठेवतो, हात दाराच्या खांबाला पुसतो आणि मोबाइल काढून उभा राहतो. कासारवाडीत, रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला समाधान लोमटे यांचं पत्र्याचं दुकान आहे. तिथल्या खांबावर माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत या हातांचं पुट चढलं आहे. टेबलाचंही तेच. नख ओढलं तर काळ्या मेणाची वळी निघते. मागच्या नाल्यात आसपासच्या गॅरेजांचं वापरलेलं तेल जातं, त्यावर थर्माकोलच्या ताटल्या तरंगतात आणि ऊन तापलं की सगळा वास पत्र्याखाली कोंडतो.

लोमटे यांना या सगळ्याची किळस येते. इतकी वर्षं झाली तरी येते. जेवणाआधी ते कपडे धुण्याच्या पावडरीने कोपरापर्यंत हात धुतात, वर लिंबाची साल घासतात आणि तरीही भाकरीला दोनच बोटं लावतात.

"घरी जेवताना बघा ह्यांना," त्यांच्या पत्नी विजयश्री सांगतात. "भाकर इंचू धरल्यावानी धरतात."

कॉइलवर नवी तार गुंडाळण्याचं काम विजयश्रींचं. जळालेली तार तोडणं, सांगाडा घासणं आणि शेवटी तारा घट्ट धरणारं वॉर्निश लावणं लोमटे यांचं. दोघं अंबाजोगाईकडचे. लोमटे तरुणपणी भोसरीत पंख्यांच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले, तो बंद पडल्यावर त्यांनी स्वतःचं दुकान काढलं आणि मावळातल्या, खेडमधल्या शेतांवरच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून, द्यायला सुरुवात केली. शेतं प्लॉटिंगमध्ये गेली, मोटारी कमी झाल्या. रस्त्यावर दुचाक्या मात्र वाढतच होत्या. लोमटे तिकडे वळले.

मेकॅनिक ज्याला मॅग्नेट कॉइल म्हणतात तेच पुस्तकातलं स्टेटर. लोखंडी चकतीला चहूबाजूंनी दात आणि प्रत्येक दातावर तांब्याच्या तारेचे वेढे. इंजिनाच्या डाव्या कव्हराला ते आतून घट्ट बसवलेलं असतं. त्याच्याभोवती चुंबकं लावलेलं वाटीसारखं चाक फिरतं आणि दिवा, हॉर्न, बॅटरी यांना लागणारी वीज तयार होते. वीज देताना तारा तापतात आणि शेजारी इंजिन तापलेलं असतंच. बऱ्याच गाड्यांमध्ये हा सगळा कारभार इंजिन ऑइलच्या फवाऱ्यात चालतो. ऑइल म्हणजे वंगण, एवढंच लोकांना माहीत असतं. पण स्टेटर जागचं हलतच नाही, त्याला वंगण कशाला? वंगण लागतं ते शेजारच्या बेअरिंगला आणि सेल्फ स्टार्टच्या क्लचला. स्टेटरवर तेल उडतं ते त्याची उष्णता उचलून न्यायला. तेलातून वीज वाहत नाही, म्हणून तारा त्यात भिजल्या तरी शॉर्ट होत नाहीत. तारांवरून ओघळलेलं तेल इंजिनाच्या तळाशी जमतं, तिथे निवतं, एका बारीक जाळीतून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर फेकतो. तेल कमी पडलं किंवा सडलं, की तारांवरचा इन्सुलेशनचा थर करपतो आणि कॉइल जळतं. मोशी ते चाकण या रस्त्यावर शिफ्टच्या वेळेला गाड्या चालत नाहीत, रांगतात. इंजिनाला वारा लागत नाही. तेव्हा कॉइलला वाचवणारं दुसरं काहीच नसतं, फक्त तेल.

म्हणून लोमटे यांचा एक नियम झाला. कोणी नुसतं कॉइल घेऊन आलं तर ते हात लावत नसत. ज्या इंजिनातून निघालं त्याच इंजिनाचं तेल बाटलीत भरून आणायचं. ते पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर थेंब टाकत, अंगठा आणि बोटामध्ये चोळत, हुंगत आणि तोंड वाकडं करून निकाल देत. "हे तेल न्हाई, गटार आहे." "ह्याच्यात रॉकेल पडलंय." "हे बदललंच न्हाई तुम्ही, खोटं बोलायलाव." निकाल बहुतेक वेळा खरा निघे. इथल्या काही गॅरेजांत काळं ऑइल ड्रममध्ये साठवतात, ते कोणी तरी घेऊन जातो आणि काही दिवसांनी चकचकीत डब्यात ते कुठे ना कुठे परत विकायला येतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तोंडावर बोलणारे लोमटे एकटे. त्यामुळे तेलाच्या बाबतीत लोमटे बोलले की विषय संपला, असा त्यांचा दबदबा होता.

संत तुकाराम नगरमध्ये प्रज्वल काळभोर याचं गॅरेज आहे. वय तिशीचं, बोलणं कमी. ऑइल बदलताना इंजिनाच्या तळाची जाळी काढून धुणाऱ्या मोजक्या मेकॅनिकांपैकी तो एक. बाकीचे जुनं तेल सोडतात, नवं ओततात आणि गिऱ्हाइकाला बाहेर काढतात. गेल्या उन्हाळ्यानंतर प्रज्वलकडे एक गाडी टेम्पोतून आली. चाकणला कुरिअर पोचवणाऱ्या सुजित नावाच्या मुलाची. मोशीच्या पुढे इंजिन जागच्या जागी जाम झालं होतं आणि तो गाडीसकट आडवा झाला होता. खांद्याचं हाड मोडलं. प्रज्वलने इंजिन उघडलं, जाळी काढली आणि ती तशीच वर्तमानपत्रात गुंडाळून लोमटे यांच्याकडे आणली.

जाळीवर साय धरली होती. दुधावर धरते तशीच जाड, सुरकुतलेली, पण काळपट लाल. बोट लावलं की ती सरके आणि बोटाला लोंबे. तेल तिच्यातून जाऊच शकलं नव्हतं. पंप कोरडा फिरला आणि वरचे भाग तेलावाचून एकमेकांना चिकटले.

"लोमटे, हे काय आहे सांगा," प्रज्वल म्हणाला. "आजवर असलं बघितलं नाही."

लोमटे यांनी हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "तेल कुठनं घेतो, भावा?"

"डीलरकडून. सीलबंद."

"सील काय, घरी बसून लावता येतंय."

"पावती आहे माझ्याकडं."

"पावती तेलात घालून बघ, थंड व्हतं का इंजिन." लोमटे यांनी जाळी उजेडात धरली. "लाल दिसतंय ना? रंग घातलाय. काळं ऑइल गाळायचं, वर लाल रंग टाकायचा, डबा भरायचा. तापलं की रंगाचा असा शेंबूड व्हतो. हे तू लोकांच्या इंजिनात ओतायलास."

प्रज्वल जाळी घेऊन निघून गेला. त्याच दुपारी लोमटे यांनी परिसरातल्या गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजात निरोप टाकला. प्रज्वल गॅरेजमध्ये बनावट तेल आहे, आपण डोळ्यांनी पाहिलं आहे, सावध राहा. नाव घेऊन.

पुढे प्रज्वलकडच्या आणखी गाड्यांच्या जाळ्यांवर तीच साय निघाली. त्याने तीही लपवली नाही, तिचे फोटो स्वतःच ग्रुपवर टाकले आणि विचारलं, कोणाला कल्पना आहे का. लोकांनी तो कबुलीजबाब समजला. आजूबाजूच्या गॅरेजांत अशी साय कोणाला दिसत नव्हती, कारण तिथे जाळी कोणी काढतच नव्हतं. ज्यांच्याकडे एखादं इंजिन जाम होऊन आलं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "आधी प्रज्वलकडं ऑइल टाकलं होतं का? मग संपलं." कुरिअरवाल्यांनी आपल्या गाड्या त्याच्याकडून हलवल्या. सोसायटीतली नेहमीची गिऱ्हाइकं रस्ता बदलून जाऊ लागली. गॅरेज संघटनेचे अध्यक्ष यशवंतराव यांनी रविवारी बैठक बोलावली. विषय एकच, प्रज्वलला संघटनेतून काढायचं आणि तसं जाहीर करायचं. तसं झालं असतं तर या भागात त्याला शटर उघडण्यात अर्थ उरला नसता.

बैठकीच्या आदल्या सकाळी लोमटे यांच्या दुकानात प्रज्वलची आई आली. कौशल्याबाई पिंपरी गावच्या जुन्या घरातल्या. रोज गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि पोराच्या धंद्यावर नजर ठेवतात. त्यांनी पिशवीतून ऑइलचा डबा काढला, लोमटे यांच्यासमोर सील तोडलं आणि तेल टेबलावर ओतलं. ते टेबलावरून लोमटे यांच्या पायावर आलं.

"घ्या. घ्या वास. आमच्या पोराच्या गॅरेजात जहर हाय म्हनं. हुंगा की! न्हाई तं चाटून बगा."

"मावशी, ऐकून घ्या—"

"मावशी कुनाला म्हनता? आमी काय तुमच्या खांबाला हात पुसायला आलो न्हाई. तेल खोटं हाय का खरं, एवढंच सांगा. तोंडानं सांगा, मोबाइलात नगं."

लोमटे यांनी बोट बुडवलं. फरशीवर थेंब टाकला. चोळलं, हुंगलं. तेल स्वच्छ होतं. मधासारखा रंग, लाल कुठेही नाही. त्यांनी परत हुंगलं.

"ह्या डब्यातलं चांगलं दिसायलंय," ते म्हणाले. "बाकीच्यांचं मला काय ठाऊक?"

"व्हय का? मंग बाकीच्यांचं ठाऊक नसताना कसं बोललात?" कौशल्याबाई दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या. "त्वांड हाय का नाला?"

त्या गेल्यावर लोमटे पाय पुसत बसले. विजयश्री तार गुंडाळायच्या मशीनवरून उठल्या. 

"ती साय लाल व्हती म्हणलाव तुम्ही."

"मग?"

"आपलं वॉर्निश बी लालच हाय. आन त्या गाड्यांत कॉइलं बी आपलीच."

लोमटे यांनी ते उडवून लावलं. पूर्वी ते कॉइलला पिवळं वॉर्निश लावत आणि भट्टीत भाजत. पंख्याच्या कारखान्यात शिकलेली ती पद्धत. त्याला दिवस जाई. गॅरेजवाल्यांना कॉइल सकाळी देऊन संध्याकाळी हवं असायचं, म्हणून अलीकडे त्यांनी पाण्याच्या मोटारींना लावतात ते लाल वॉर्निश घेतलं. ते हवेवरच वाळतं. विहिरीच्या दमटपणात, पावसाळ्यात, गाळात बसवलेल्या मोटारींवर ते वर्षानुवर्षं टिकलेलं त्यांनी पाहिलं होतं. "पाण्याला भेत न्हाई ते तेलाला काय भेणार?" असं ते म्हणाले होते आणि याहून जास्त विचार केला नव्हता. पाण्याच्या मोटारी भरण्यात वर्षं घालवलेला माणूसच हा विचार करू शकतो. त्याच्या लेखी कॉइलचा शत्रू म्हणजे ओल. तेल तर ओल घालवतं.

"बघू तर," विजयश्री म्हणाल्या. "भट्टी रिकामीच हाय."

आदल्या दिवशी वाळलेल्या कॉइलचा एक दात त्यांनी कापून घेतला, स्टीलच्या डब्यात टाकला आणि कौशल्याबाईंनी आणलेल्या डब्यात उरलेलं तेल त्यावर ओतलं. मग तो डबा भट्टीत ठेवून तेल चालू इंजिनात असतं तितकं गरम केलं. लोमटे बाहेर जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा दुकानात जळक्या रंगाचा वास पसरला होता आणि विजयश्री नाकाला पदर लावून चमच्याने डबा ढवळत होत्या. तारा उघड्या पडल्या होत्या. वॉर्निश फुगून सुटलं होतं आणि लाल चिंध्यांसारखं तेलात फिरत होतं. डबा निवायला ठेवला तशा त्या चिंध्या एकमेकींना चिकटल्या. विजयश्रींनी चहाच्या गाळणीतून तेल गाळलं. गाळणीत साय उरली.

लोमटे यांनी ती बोटावर घेतली आणि हुंगली. मग ते मागच्या नाल्याकडे गेले आणि ओकले.

"आता?" विजयश्रींनी विचारलं.

"तेल खराब असतं तर बरं झालं असतं," लोमटे म्हणाले.

"ते दिसायलंय. आता काय करणार ते विचारायले मी."

बैठक गणेश मंडळाच्या हॉलमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे, दोन पंखे. प्रज्वल मागच्या रांगेत एकटा बसला होता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. यशवंतरावांनी संघटनेची शिस्त, गिऱ्हाइकांचा विश्वास वगैरे विषयांवर बोलून घेतलं. मग म्हणाले, "लोमटे तज्ज्ञ माणूस. त्यांनीच हा प्रकार उघडकीस आणला. लोमटे, बोला."

लोमटे उठले. त्यांनी पिशवीतून गाळणी काढून टेबलावर ठेवली, समोशांच्या ताटाशेजारी.

"तेल खोटं न्हाई. वॉर्निश माझं आहे. मी लाल वॉर्निश वापरलं, ते तेलात टिकत न्हाई. जाळीवर बसतं. प्रज्वलचा काही दोष न्हाई. मी भरलेली कॉइलं जिथं जिथं बसवलीत तिथं जाळ्या काढून बघा. आजच बघा."

 समोरच्या रांगेतला एक जण हसला. "लोमटे, राव, हे आधी आम्हाला खासगीत सांगायचं ना."

"आम्ही काय सांगायचं आता गिऱ्हाइकाला?" दुसरा म्हणाला. "दोन महिने प्रज्वलचं नाव सांगतोय."

"आणि सगळ्या गाड्या फुकटात उघडत बसायचं? माझ्याकडं तुमची किती कॉइलं गेलीत माहितीय का?"

"ती गाळणी उचला आधी. खायच्या ठिकाणी!"

यशवंतरावांनी हात वर केला. कॉइलचा विषय तांत्रिक आहे, तो स्वतंत्र बैठकीत घेऊ, असं ते म्हणाले. आजचा विषय तेलाचा आहे आणि त्याबाबत सभासदांची भावना स्पष्ट आहे. भावना हात वर करून नोंदवण्यात आली. प्रज्वलला काढण्यात आलं. ज्यांनी हात वर केले त्यांतल्या अनेकांच्या दुसऱ्या हातात समोसा होता.

बाहेर लोमटे प्रज्वलपाशी गेले. प्रज्वल गाडीला किक मारत होता.

"भावा, चुकलं माझं."

"ते आत बोललात. ऐकलं मी."

"काय करू सांग."

"मला काय विचारता?" प्रज्वल म्हणाला. "ती पोरं रोज चाकणला जातात त्या गाड्यांवर. त्यांना विचारा."

दुसऱ्या दिवशी लोमटे यांच्या शटरवर विजयश्रींनी ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलं. या दुकानात भरलेलं कॉइल ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी गाडी चालवू नये. प्रज्वल गॅरेज, संत तुकाराम नगर येथे इंजिन विनामूल्य साफ करून, कॉइल बदलून मिळेल. तोच मजकूर फोटो काढून त्यांनी कुरिअरवाल्या मुलांच्या ग्रुपवर टाकला. प्रज्वलला विचारलं नव्हतं. तो आला, शटर वाचलं आणि म्हणाला, "मग मजुरी तुम्ही करायची. तिथं बसून."

गाड्या आल्या. आधी तुरळक, मग गॅरेजपुढचा फुटपाथ भरला. लोमटे जमिनीवर पोतं टाकून बसत. प्रज्वल तेल सोडे, कव्हर उघडे. जाळी काढून साफ करणं लोमटे यांच्याकडे. ब्रशने साय निघत नाही, नुसती पसरते. बोटाने ओढून काढावी लागते. ती नखांत जाते, कोमट असते आणि तिला जळक्या वॉर्निशचा वास असतो. मुलं मोबाइलवर व्हिडिओ काढत. कौशल्याबाई सगळ्यांना चहा देत. लोमटे यांच्यापुढे कप ठेवला जाई तो न बोलता आणि पोत्यापासून हातभर लांब. लोमटे यांना कॉइल देणाऱ्या बाकी गॅरेजांनी काम देणं बंद केलं. विजयश्रींनी पिवळ्या वॉर्निशचा डबा आणून भट्टी पुन्हा पेटवली आणि परत आलेली कॉइलं नव्याने भरायला घेतली.

त्यात एका दुपारी एक माणूस चांगली चकचकीत गाडी ढकलत आला. गाडी थोडी पुढे, झाडाआड लावली आणि प्रज्वलजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "यशवंतरावांच्या पोराची आहे. आवाज करतीय. तेवढं बघून घ्या म्हणाले. नाव काही घेऊ नका."

"स्वतःचं गॅरेज आहे ना त्यांचं?" प्रज्वल म्हणाला.

"तिथं उघडली तर माणसं बघतात."

प्रज्वलने हातातला पाना खाली ठेवला. लोमटे यांनी जाळीवरची नजर वर केली. "बघायचीच न्हाई," ते म्हणाले. "ढकलत न्या परत."

"तुम्ही गप बसा," प्रज्वल म्हणाला. मग त्या माणसाकडे वळला. "साहेबांना फोन लावा. म्हणावं, ग्रुपवर एक ओळ टाका. प्रज्वलचं तेल चांगलं होतं. नाव घालून. तोवर गाडी तिथंच झाडाखाली राहील. चालू करायची नाही. पोरगं मरायचं."

माणूस झाडाआड जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होता. एकदा त्याने फोन कानापासून लांब धरला. मग सगळ्यांचे मोबाइल एकाच वेळी वाजले. प्रज्वल गॅरेजमधील तेलाबाबत गैरसमज झाला होता, सदर तेल योग्य असल्याचे निदर्शनास आले आहे, त्यांचे सभासदत्व पूर्ववत करण्यात येत आहे, हुकुमावरून, अध्यक्ष. कॉइलबद्दल, जाळ्यांबद्दल, सुजितच्या खांद्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

कौशल्याबाईंना मराठी वाचता येतं, पण त्यांनी ते मुद्दाम एका कुरिअरवाल्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. परत एकदा वाचायला लावलं. मग रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकल्या.

"निदर्शनास आलं म्हनं," त्या म्हणाल्या. "आता आलं व्हय!"

प्रज्वलने यशवंतरावांच्या मुलाची गाडी रांगेत सर्वांत शेवटी लावली. तिचा नंबर येईपर्यंत ऊन उतरलं होतं. तेल सोडलं, जाळी निघाली. ती जवळजवळ बंदच झाली होती. लोमटे यांनी ती गुडघ्यावर धरली, बोट घातलं आणि ओढायला सुरुवात केली.